नदी कुणाच्याच फोटोत नव्हती

सन दोन हजार तेवीस. मला तेव्हा शहात्तरावं लागलं होतं, खालचे दात सगळे शाबूत होते, आणि समोरच्या शेजाऱ्याशी बोलणं बंद होतं. ते बंद होऊन किती वर्षं झाली हे आमच्या घरात कुणी मोजत नाही. मोजायला बसलं तर माझीच चूक निघेल अशी घरच्यांना भीती, आणि त्याची निघेल अशी मला खात्री.

शाळा माझी चौथीपर्यंत, तीपण अर्धी. मास्तर म्हणाले, नदी म्हणजे काय ते सांग. मी खिडकीतून बोट दाखवलं. पुस्तकात उत्तर वेगळं होतं, म्हणून छडी बसली. मी उठलो, बोट दाखवलं होतं तिकडेच गेलो आणि बापसाबरोबर तरीवर उभा राहिलो. तर म्हणजे माणसं ह्या काठावरून त्या काठावर नेणारी होडी. पूल झाला तोवर माझा संसार तिच्यावरच चालला. तेव्हा माझं लिहिणं असंतसं असेल, पण ते माझ्या हातचं आहे. सून म्हणत होती, बाबा, तुम्ही सांगा, मी मोबाईलवर लिहून घेते. म्हटलं नको, माझं बोलणं तुझ्या बोटांतून गेलं की ते देवरूखचं होईल. ती देवरूखकडची. हसली आणि भाकऱ्या भाजायला गेली.

आमची वाडी वाशिष्ठीच्या काठी होती. गावात तिला खालची वाडी म्हणत. म्हणणारे वरच्या आळीतले. त्यांना त्यात थोडा कमीपणा दाखवायचा असे. आम्हाला वाटे, खाली असल्याशिवाय पाणी कुणाला भेटतं काय? एका रांगेत घरं, घरापुढे अंगण, अंगण संपलं की चिऱ्याच्या पायऱ्या आणि पायऱ्या संपल्या की नदी. प्रत्येक घराला आपापल्या पायऱ्या. भरतीला पाणी वरच्या पायरीला टेकायचं, ओहोटीला उतरून चिखल दाखवायचं. समुद्र लांब, पण त्याची ये-जा आमच्या अंगणापर्यंत होती. वरून पोफळीच्या वीजघराचं पाणी. तिकडे वीज करायला लागले की भर उन्हाळ्यात गार, गोडं पाणी खाली यायचं. मग एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर हाक जायची, "पोफळीवाल्यांनी सोडलान काय गो?" आणि सगळ्या बायका गोधड्या घेऊन धुवायला बसायच्या. गोधडी गोड्या पाण्यातच धुवायची. खाऱ्या पाण्यातली गोधडी रात्रभर अंगाला चिकटते.

मग पूर आले, नवा पूल आला, पुराची भिंत आली आणि वाडी उठली. त्याची रडकथा मी सांगत नाही, सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला वर सड्यावर जागा मिळाल्या. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा उघडा कातळ. तिथे वारा चांगला, डास कमी, रस्ता डांबरी. कुदळ मारली की ठिणगी उडते एवढंच. चिठ्ठ्या टाकून जागा वाटल्या, आणि चिठ्ठीनेही माझी थट्टा केली. ज्या शेजाऱ्याशी मी बोलत नव्हतो, त्याचंच घर बरोबर माझ्या घरासमोर आलं. खाली आमच्यामध्ये एक भिंत तरी होती. इथे नुसता रस्ता. सकाळी दार उघडलं की पहिलं तोंड त्याचं.

टेम्पोत सामान चढलं त्या दिवशी मी नदीकडे पाठ केली ती केली. म्हटलं, भिंतीमागे कोंडलेली नदी बघायला मी येणार नाही. बाजारात जायचो तेव्हा एस.टी. नदीच्या काठाकाठाने जायची; मी डोंगराकडची सीट धरायचो. ती नसली तर डोळे मिटून बसायचो. कंडक्टरला वाटायचं, म्हाताऱ्याला झोप फार. लोक म्हणत, हट्टी आहे. आहे.

तर त्या वर्षी वसाहतीतल्या मंडळींनी ठरवलं, नारळीपौर्णिमेला नव्या सभागृहात खालच्या वाडीचे जुने फोटो लावायचे. हे डोकं आमच्या सुनेचं. माझा मुलगा लोट्याला कंपनीत आहे, पाळीवर जातो. घरी आला की एकतर झोपतो, नाहीतर खालच्या वाडीच्या गोष्टी सांगतो. ऐकून ऐकून ती म्हणाली, एवढं सगळं सांगता, एकदा दाखवा तरी. तिने वाडी बघितलेलीच नाही. ती लग्न होऊन आली ती सड्यावरच.

फोटो यायला लागले. पिशवीतून, उशीच्या अभ्र्यातून, एकीने तर तांदळाच्या डब्यातून काढून दिले. पुरात भिजलेले होते ते काचेला चिकटून बसलेले. एक लग्नाचा फोटो सोडवताना नवऱ्याचं तोंड काचेवर राहिलं आणि कागदावर नुसता फेटा. त्याची बायको म्हणाली, असूदे, फेटाच बरा होता.

सुनेने सगळे फोटो आमच्या ओटीवर मांडले आणि मी वर खुर्ची टाकून बसलो. काय मजा आली म्हणून सांगू. मुंज, बारसं, नवी सायकल, मुंबईहून आलेला रेडिओ. रेडिओच्या फोटोत रेडिओ मध्ये खुर्चीवर आणि घरची माणसं खाली बसलेली. एका फोटोत आमच्या वाडीतला एक जण हाफ पँट आणि कोट घालून उभा. कोट फोटोग्राफरचा. तोच कोट आणखी पाच-सात फोटोंत वेगवेगळ्या माणसांच्या अंगात. सगळ्यांचे डोळे मात्र एकसारखे, बारीक झालेले, कपाळाला आठ्या. जशी काय अख्ख्या वाडीला एकदमच आंबट कैरी दिलेली.

सून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "बाबा, ह्यात नदी कुठे आहे?"

म्हटलं, ही काय, इथेच. आणि बोट ठेवायला गेलो तर बोट ठेवायला जागा नाही. हा फोटो उचलला, तो उचलला. घरं होती, कुडाची भिंत होती, तुळस होती, कोंबडी होती, कुणाचातरी अर्धा हात होता. नदी नव्हती. नदीकाठची वाडी, नदीवर पोट, आणि नदी कुणाच्याच फोटोत नाही.

कारण माझ्या लगेच ध्यानात आलं. आमचा काठ मावळतीकडे तोंड करून. फोटोग्राफर यायचा संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर. माणसांच्या तोंडावर उजेड पाहिजे म्हणून तो आम्हाला घराला पाठ करून सूर्याकडे तोंड करायला लावायचा आणि स्वतः पायरीवर उभा राहायचा, नदीला पाठ करून. म्हणून सगळ्यांचे डोळे बारीक. आम्ही सगळे नदीकडेच बघत होतो, तोच एकटा बघत नव्हता, आणि फोटोचा डबा त्याच्याकडे.

हे मी सभागृहाच्या बैठकीत सांगितलं. लोक हसले. पण मग एकजण, शिकलेला आहे, वाईट नाही, तो म्हणाला, हरकत नाही काका, इंटरनेटवरून एखादी चांगली नदी काढू आणि मधे मोठी करून लावू.

माझं डोकं तापलं. म्हटलं, आवशीचा फोटो नाही म्हणून दुसऱ्याची आवस भिंतीला लावशील काय? आवस म्हणजे आमच्याकडे आई. त्याच तावात माझ्या तोंडून निघून गेलं, "नदीचा फोटो मी आणतो."

मागच्या रांगेत कोणतरी खोकलं. मला वळून बघायची गरज नव्हती. तो खोकला मी पन्नास वर्षं भिंतीपलीकडून ऐकलेला होता.

घरी आल्यावर आमची बायको म्हणाली, "कुठून आणताव फोटो? आपल्याकडे तर नाय."

मी टोपी खुंटीला अडकवली. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. नदीचा एकच फोटो निघालेला, आणि तो समोरच्या घरात होता.

शेजाऱ्याचा मोठा भाऊ मुंबईला गोदीत होता. आता नाही तो. एका नारळीपौर्णिमेला तो रजा काढून आला, गळ्यात कॅमेरा. पलीकडच्या काठावर एस.टी.तून उतरला आणि माझ्या तरीत बसला. माझा बापूस वल्हवत होता. मला सणाची सुट्टी होती. मधोमध आल्यावर तो म्हणाला, काका, जरा थांबवा, आणि होडीत उभा राहिला. बापूस ओरडला, बस खाली, बुडवशील. तेवढ्यात त्याने फोटो काढला. पाण्यातून काढलेला वाडीचा तो एकच फोटो. त्यात सगळं काही आलं असणार, हे आम्ही ऐकून होतो. मी तो बघितला नव्हता. धुतलेला फोटो मुंबईला भावाच्या खोलीतच राहिला; तो गेल्यावर सामानातून इकडे आला, तोवर आमचं बोलणंच तुटलेलं.

बोलणं का तुटलं तेही सांगतो, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको.

नारळीपौर्णिमेला आमच्याकडे नारळ लढवतात. एकाने आपला नारळ मुठीत घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाचं टोक वरून त्याच्यावर आपटायचं. मग पाळी बदलायची. ज्याचा फुटला तो हरला, आणि फुटलेला नारळ जिंकलेल्याचा. काही ठिकाणी बाजारातला नारळ चालतो. आमच्या वाडीत चालत नसे. नारळ ज्याच्या त्याच्या माडाचाच पाहिजे. त्यामुळे ती माणसांची लढाई नसायची, माडांची असायची.

आता आमच्या दोन घरांच्या मधे गडगा होता, चिऱ्याचे दगड नुसते रचून केलेली भिंत. गडग्याच्या टोकाला, अगदी पाण्याशी, एक वाकडा माड. तो इतका कलला होता की त्याचा शेंडा आमच्या पायऱ्यांवर. नारळ आमच्या पायऱ्यांवर पडत, आम्ही उचलत असू, आमच्या आज्यापासून. मूळ कुणाच्या बाजूला हे कुणी बघितलं नव्हतं, कारण माड जाड होत गेला तसा त्याने तिथला गडगाच ढकलून पाडला होता. नारळ मात्र असा कडक, की कोयता मागे फिरायचा. त्या माडाच्या जिवावर आम्ही सारखे जिंकत असू.

वाडी उठायच्या आधीची शेवटची नारळीपौर्णिमा. शेजाऱ्याने माझा नारळ एका घावात फोडला. मी त्याच्या हातातला नारळ बघितला. आपल्या माडाचा नारळ ओळखायला चष्मा लागत नाही. म्हटलं, हा आमच्या वाकड्याचा आहे, तू चोरलास. तो म्हणाला, वाकडा तुझा कधीपासून, मूळ आमच्यात आहे; शेंडा तुझ्यात म्हणून इतकी वर्षं खाऊ दिलान बापसाने. एवढंच झालं. आमच्या बायकांनी दुसऱ्या दिवसापासून कालवणाच्या वाट्यांची गडग्यावरून देवघेव सुरूच ठेवली. आम्ही दोघांनी ठेवली नाही.

आता कळलं असेल, बैठकीत मी काय बोलून बसलो ते. नदी पाहिजे तर रस्ता ओलांडायला हवा. आणि नाही ओलांडला तर सभागृहाच्या भिंतीवर कुठल्यातरी लांबच्या देशातली निळी नदी लागणार, खाली आमच्या वाडीचं नाव.

चार दिवस मी काही केलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी टोपी घातली. सून म्हणाली, मी येते. आमची म्हणाली, "जाऊ दे तिला, मधे कोणतरी पाहिजे."

रस्ता ओलांडायला दहा पावलंसुद्धा लागत नाहीत. तो पडवीत जाळं दुरुस्त करत बसला होता. सड्यावर जाळं कशाला लागतं विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. मी उभा राहिलो. तो जाळ्याकडेच बघत होता. मग सुनेला म्हणाला, "बस गो पोरी. ह्यांना पण बसायचं असेल तर बसूदेत, खुर्ची माझी नाय, सरकारी आहे." वसाहतीत आलो तेव्हा प्रत्येक घराला एकेक प्लास्टिकची खुर्ची मिळालेली, त्यातली ती.

मी बसलो. सुनेने सगळं सांगितलं. तो आत गेला आणि फोटो घेऊन आला, काच नाही, चौकट नाही, तेलकट कागदात गुंडाळलेला. माझ्या हातात दिला नाही. स्वतःच्या मांडीवर ठेवला. मला वाकायला लागलं.

पायऱ्या. आधी पायऱ्याच दिसल्या, एकीला लागून एक, पाण्यात उतरणाऱ्या, आणि भरती पुरी चढलेली. पाण्यात घरांची उलटी कौलं. आमच्या पायरीवर मी आणि शेजारी, मुठीत नारळ, दोघांच्याही मिशा नुकत्या फुटलेल्या. अंगणात माणसं. वाकडा माड, त्याचा शेंडा पाण्यावर. पुढे नदी, सगळी नदी, अर्धा फोटो नुसती नदी.

आणि माडाच्या बुंध्याशी माझी आवस. डोक्यावर माशांची पाटी, कमरेला हात, होडीत उभ्या राहिलेल्या त्या कॅमेरावाल्याकडे रागाने बघतेय. आमच्या घरात आवशीचा फोटो नाही. एकदाही काढला नाही. ती म्हणायची, मी रोज इथेच असते, फोटो कशाला. मला वाटायचं, तिचं तोंड मला आठवतं. आठवत नव्हतं. कपाळ आठवत होतं ते चुकीचं आठवत होतं. तिचं कपाळ रुंद होतं.

मी आणखी वाकलो. त्याने नखाने बुंधा दाखवला. "बघ. मूळ कुठे आहे बघ."

मी बघितलं. मूळ दिसत नव्हतं. आवस नेमकी मुळाच्या पुढे उभी. गडगा डावीकडून येतो आणि तिच्या लुगड्यामागे जातो. माड तिच्या खांद्यामागून वर निघतो. मधलं सगळं लुगडं.

"तुझी आवस मुद्दाम उभी राहिलीय तिथे," तो म्हणाला.

"गडगा बघ ना कसा येतोय. सरळ रेघ धर. माड ह्या बाजूला जातोय."

"सरळ? तुझ्या बापसाने बांधलेला गडगा कधी सरळ होता?"

म्हटलं, गडगा तुझ्या आज्याने बांधला. तो म्हणाला, म्हणूनच उभा होता, पडला तो भाग तुमचा. असं सुरू झालं ते सुरूच. तो रेघ इकडून ओढायचा, मी तिकडून. बोलता बोलता त्याने पाणी मागवलं, मग चहा आला. मी चहा प्यायलो. मधेच माझ्या लक्षात आलं की त्या माडाबद्दल इतकं मी कित्येक वर्षांत कुणाशी बोललो नव्हतो. कुणाशी बोलणार? मुलाला माड आठवतो, पण त्याच्या नारळाचा आवाज आठवत नाही. वाकड्याचा नारळ पायरीवर पडला की कसा ठण्ण वाजायचा, हे आता सड्यावर दोघांनाच माहीत. एक मी. दुसरा ज्याच्याशी मी बोलत नव्हतो तो.

शेवटी मी म्हटलं, फोटो दे, सभागृहात लावायचा आहे.

"देतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हण, माड ह्याचा. म्हण आणि घेऊन जा."

मी टोपी उचलली. सून घाबरली. मी दारापर्यंत गेलो आणि वळलो. "नारळ लढव," मी म्हटलं. "पौर्णिमेला, सगळ्यांसमोर. मी जिंकलो तर फोटो माझ्याकडे. हरलो तर तू म्हणतोस ते म्हणेन, आणि फोटोही तुझ्याकडेच."

तो हसला. "घरच्या माडाचा आण हो. बाजारातला नको."

आता सड्यावर घरचा माड म्हणजे माझ्याकडे एकच. कातळ फोडून, खाली माती ओतून मी लावलेला. नारळ देतो, पण भुसभुशीत, खोबरं गोड, कवटी पातळ. मी एकेक नारळ सोलून कानाशी धरायचो, दुसऱ्या नारळाने टकटक करायचो. सगळे वाजायचे पत्र्याच्या डब्यासारखे. आमची म्हणाली, सून देवरूखला सांगेल की सासरा नारळाशी बोलतो. सांगूदे म्हटलं. चटणी, सोलकढी, नारळीभात, दिवसभर नारळच नारळ. मुलगा डबा उघडून कंपनीत शिव्या देत असेल. शेवटी एक सापडला. लहान, काळपट, टोकदार. त्याचा आवाज जरा खाली होता. वाकड्यासारखा नाही, पण त्याच्या दूरच्या भाच्यासारखा. तो मी उशाशी ठेवला.

नारळीपौर्णिमेला पावसाने उघडीप दिली होती. सभागृहात दोऱ्या बांधून फोटो टांगलेले, माणसं वाकून वाकून बघतायत, हा कोट त्याच्या अंगात, तोच कोट ह्याच्या अंगात, आणि हसतायत. समोरच्या भिंतीवर मधोमध एक मोठी चौकट, वरून सुनेच्या पिवळ्या साडीने झाकलेली. मला वाटलं, ती इंटरनेटवाली नदी शेवटी लावलीच वाटतं. मनात ठरवलं, जिंकल्यावर पहिली ती उतरवायची.

मधे जागा करून दिली. आम्ही दोघं उभे राहिलो. चिठ्ठी काढली, पहिला मार माझा आला. त्याने नारळ मुठीत धरला. त्याचा नारळ मोठा, तांबूस, त्याच्याही सड्यावरच्या माडाचा. मी मारला. काही झालं नाही. पाळी बदलली. त्याने मारला, काही झालं नाही. लोक मोजायला लागले, मग मोजायचे थांबले आणि नुसते बघायला लागले. दोघांनाही बसावंसं वाटत होतं. पण आधी कोण बसणार?

मग त्याने मारला आणि माझ्या मुठीत पाणी आलं. भाचा फुटला.

मी फुटका नारळ त्याच्या हातात दिला. रीत म्हणजे रीत. सगळे बघत होते. आमची पदर तोंडाला लावून उभी होती, हसत होती की काय कळलं नाही. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "मूळ ह्याचं. शेंडा आमचा."

लोक हसले, टाळ्या वाजवल्या. शेजारी म्हणाला, असं ठरलं नव्हतं. म्हटलं, मूळ तुझं म्हटलं ना, आणखी काय माझी आवस देऊ काय? तो म्हणाला, बरं. त्या एका 'बरं'वर इतक्या वर्षांचं भांडण बसलं. मला ते इतक्या स्वस्तात मिटेल असं वाटलं नव्हतं.

पण फोटो? मी हरलो होतो, फोटो त्याच्याकडेच राहणार. मी सुनेकडे बघितलं, म्हटलं, पोरी, जमलं नाही. ती भिंतीकडे गेली आणि साडी ओढली.

पायऱ्या. पाण्यातली उलटी कौलं. आम्ही दोघं पोरगे. आवस, माणसाएवढी मोठी. आणि नदी, भिंतीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत.

मी शेजाऱ्याला म्हटलं, तू दिलास? तो म्हणाला, मी कुठे दिला, मला वाटलं तू चोरलास. दोघांनी सुनेकडे बघितलं. ती म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दोघं रेघा ओढत होतात तेव्हा मोबाईलवर काढून घेतला. विचारणार होते, पण तुम्ही थांबतच नव्हतात."

आमची म्हणाली, "दोन म्हातारे कागद ओढत बसले, नदी केव्हाच मोबाईलात जाऊन बसलेली."

आमच्या दोघांच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. आमच्या हिशेबात फोटो म्हणजे एक कागद, जसा नारळ म्हणजे एक नारळ. ह्याच्याकडे असला तर त्याच्याकडे नाही.

मग कुणी जेवायला जाईना. सगळे त्या भिंतीपाशी. ही आमची पायरी, ही तुमची, इथे मी घसरलेले, इथे आमचा कुत्रा बसायचा. ज्या बाईच्या नवऱ्याचा नुसता फेटा राहिला होता, तिला मागच्या अंगणात तो सापडला, तोंडासकट, लाकडं फोडताना. ती म्हणाली, होता तर बरा. लहान पोरं नदीला हात लावून बघत होती. सून गर्दीत मागे उभी राहून बघत होती, आणि प्रत्येकजण येऊन तिलाच सांगत होता, जशी काय ती वाडी तिनेच त्यांना दाखवायला आणली.

मी आवशीपाशी उभा राहिलो. मोठं केल्यावर तिच्या कोपराच्या आणि पाटीच्या मधे थोडी फट दिसत होती. फटीत दोन चिरे. शेजारी माझ्या खांद्याशी आला, चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे बघ," तो म्हणाला. "गडग्याचे दगड. म्हणजे माड त्यांच्या ह्या बाजूला. माझ्या."

"ते गडग्याचे नाहीत. ते माझ्या वरच्या पायरीचे आहेत."

"पायरी इतकी वर कुठून आली?"

"भरती बघ किती आहे. पायरी तिथेच येणार."

"नाय येणार."

"येते."

त्याने फुटका नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. म्हणाला, खालच्या पायऱ्या अजून आहेत. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, मोठ्या ओहोटीला उघड्या पडतात. मी जातो अधूनमधून. तू येत नाहीस म्हणून तुला माहीत नाही.

मी विचारलं, आमच्या पण? तो म्हणाला, तुमच्या तीन दिसतात. चौथी चिखलात आहे.

रात्री त्याच्या घरून नारळीभात आला, माझ्याच नारळाचा. गूळ जरा जास्त होता. मी सगळा खाल्ला.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी ओहोटी मोठी असते. सकाळी मी गडग्याची रेघ धरायला खुंटीवरची सुंभाची दोरी घेतली, टोपी घातली आणि रस्ता ओलांडून त्याला हाक मारली. एस.टी.त नदीकडची सीट त्याने धरली होती. मी त्याला सरकवून खिडकीशी बसलो. पुराच्या भिंतीत पाणी जायला जिथे फट ठेवलीय, तिथून तो आधी उतरला, मागून मी. पायऱ्या होत्या. मी चपला काढल्या, लुंगी वर खोचली, दोरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं, सांगितलं घट्ट धर, आणि दुसरं टोक घेऊन माझ्या तिसऱ्या पायरीवरून पाण्यात उतरलो.